लिनक्स सर्व्हर अधूनमधून नेटवर्कवरून गायब होतो: रीबूटच्या आधी करायच्या तपासण्या

सर्व्हर चालू आहे, पंखा फिरतोय, पोर्टवरचा दिवा लुकलुकतोय, पण ऑफिसात कोणालाच तो सापडत नाही. थोड्या वेळाने आपोआप सापडतो. किंवा कोणीतरी रीबूट करतं, सगळं सुरळीत होतं आणि काही दिवसांनी पुन्हा तेच. पतसंस्था, कॉलेजं, पॅथॉलॉजी लॅब, छोटे कारखाने अशा ठिकाणचे सर्व्हर सांभाळताना मी सर्वांत जास्त वेळा दुरुस्त केलेला बिघाड हाच. त्याची कारणं मोजकी आहेत आणि बहुतेक वेळा रोजच्या कमांडनीच ती सापडतात. फक्त त्या योग्य क्रमाने चालवाव्या लागतात.

कमांडची नावं इथे उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. पर्यायाचं अक्षर कॅपिटल असेल तिथे ‘मोठा’ असं म्हटलं आहे.

आधी लक्षण नीट ओळखा

‘नेट जातंय’ या तक्रारीत निदान पाच वेगळे बिघाड लपलेले असतात. तुमचा कुठला, ते तक्रार करणाऱ्याला नेमकं विचारा.

- पिंग (समोरचं यंत्र उत्तर देतं का ते पाहणारी कमांड) चालू असताना मध्येच काही सेकंद उत्तर येत नाही, मग पुन्हा येतं.
- एका संगणकावरून सर्व्हर दिसतो, शेजारच्याच टेबलावरून दिसत नाही.
- आयपी पत्ता टाकला की लगेच उघडतं, नाव टाकलं की पाच-दहा सेकंद थांबतं.
- पिंग उत्तम, पण फाईल कॉपी करायला नको इतका वेळ लागतो.
- एसएसएच (दूरच्या यंत्रावर लॉगिन करायची सोय) लागतं, छोट्या कमांड चालतात, पण लांबलचक यादी मागितली किंवा मोठी फाईल पाठवली की सगळं गोठतं.

त्रास वीज जाऊन आल्यावरच सुरू होतो का, हेही विचारा. आपल्याकडे हा प्रश्न फार उपयोगी पडतो.

रीबूट करू नका, आधी नोंद घ्या

रीबूट केलं की एआरपी टेबल (कुठला आयपी पत्ता कुठल्या कार्डाचा, याची यादी), इंटरफेसवरचे म्हणजे नेटवर्क कार्डावरचे चुकांचे आकडे, चालू कनेक्शनची यादी हे सगळं पुसलं जातं. म्हणजे पुरावाच जातो. सर्व्हर गायब असतानाच कीबोर्ड-मॉनिटर जोडून ‘आयपी -एस लिंक’, ‘आयपी नेबर’, ‘आयपी राऊट’, ‘एसएस -एस’ आणि ‘डीमेसेज’ला मोठा टी देऊन, असं पाचही कमांडचं उत्तर एका फाईलमध्ये साठवा. त्यानंतर काम अडलंच असेल तर खुशाल रीबूट करा.

‘इफकॉन्फिग’ आणि ‘नेटस्टॅट’ची सवय असलेल्यांसाठी एक सूचना. रेड हॅटच्या ७व्या आवृत्तीपासून, म्हणजे २०१४ पासून, आणि डेबियनच्या ९व्या आवृत्तीपासून, म्हणजे २०१७ पासून, त्या नेहमीच्या इन्स्टॉलेशनमध्ये येत नाहीत. लिनक्सवर ‘आयपी’ आणि ‘एसएस’ हातात बसवून घ्या. फ्रीबीएसडी, ओपनबीएसडी आणि मॅकवर मात्र ‘इफकॉन्फिग’ हीच मुख्य कमांड आहे. फ्रीबीएसडीवर ‘एसएस’ऐवजी ‘सॉकस्टॅट’ वापरा.

एरर कोणती आली?

‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ आलं तर पॅकेट सर्व्हरपर्यंत पोचलं आणि तिथून स्पष्ट नकार आला. बहुधा नेटवर्क ठीक आहे, त्या पोर्टवर सेवाच चालू नाही. थेट खालच्या ‘सेवा ऐकतेय का’ या भागाकडे जा. ‘टाइम्ड आउट’ आलं तर पॅकेट कुठेतरी गिळलं गेलं: फायरवॉलने, तुटलेल्या वाटेने किंवा उत्तर भलतीकडे गेल्याने. ‘नो रूट टू होस्ट’ एकाच नेटवर्कमध्ये आलं तर बहुधा एआरपीलाच उत्तर मिळालेलं नसतं, म्हणजे केबल, स्विच किंवा पत्त्याची भानगड. पण फायरवॉलने आयसीएमपीचा (नेटवर्कमधल्या निरोपांच्या पॅकेटने) नकार पाठवला तरी हीच एरर येते, हे लक्षात असू द्या.

या तीन वाक्यांतला फरक ओळखला तर निम्मी शोधाशोध वाचते. ‘चालत नाहीये’ एवढाच निरोप आला तर पडद्याचा फोटो मागा.

पिंग, पण क्रमाने

पिंग हा माइक म्यूस यांनी १९८३ साली लिहिलेला छोटासा प्रोग्रॅम. त्याला एका वेळी एकच प्रश्न विचारायचा. सर्व्हरवर बसून आधी गेटवेला (ऑफिसबाहेर नेणाऱ्या राऊटरला), मग बाहेरच्या एखाद्या आयपीला, उदाहरणार्थ ८.८.८.८ ला, आणि शेवटी एखाद्या नावाला पिंग करा. जिथे पहिल्यांदा अडेल त्याच्या अलीकडचं सगळं ठीक आहे. स्वतःच्याच आयपीला पिंग करून काही कळत नाही. ते पॅकेट यंत्राबाहेर जातच नाही, केबल उपसली तरी उत्तर येतं.

बिघाड अधूनमधून येतो, म्हणून पिंगही चालू ठेवावा लागतो. लिनक्सवर मोठा डी दिला तर प्रत्येक ओळीला वेळेचा शिक्का बसतो आणि मोठा ओ दिला तर न आलेलं उत्तरही नोंदलं जातं. गेटवेला असा पिंग रात्रभर एका फाईलमध्ये चालू ठेवा. सकाळी फाईल पाहिली की तुटण्याची वेळ मिळते. रोज ठराविक वेळेला तुटत असेल तर त्या वेळी काय सुरू होतं ते शोधा: बॅकअप, जनरेटर, हजेरीचं मशीन.

केबल आणि पोर्ट

‘ईथटूल एथ०’ चालवा, तुमच्या यंत्रावर इंटरफेसचं नाव जे असेल ते घाला. वेग आणि डुप्लेक्स (दोन्ही दिशांनी एकाच वेळी वाहतूक होते का) या दोनच ओळी पाहा. गिगाबिटचं कार्ड आणि गिगाबिटचा स्विच असताना वेग १०० दिसला, तर केबलमधली तार तुटली आहे किंवा क्रिम्पिंग सैल आहे असं धरून चाला. गिगाबिटला चारही जोड्या लागतात, १०० मेगाबिटला दोन पुरतात. त्यामुळे एखादी तार गेली तरी लिंक जिवंत राहते, फक्त वेग खाली घसरतो आणि दिवा बघून कोणालाच काही कळत नाही.

डुप्लेक्स ‘हाफ’ दिसलं तर कोणीतरी एका बाजूला वेग हाताने बांधून ठेवला आहे आणि दुसरी बाजू ऑटोवर आहे. ऑटोवाल्या बाजूला समोरचं डुप्लेक्स कळत नाही, ती हाफ धरते. पिंगसारखी छोटी वाहतूक व्यवस्थित चालते आणि फाईल कॉपी करायला घेतली की रांगते. दोन्ही बाजू ऑटोवर ठेवा. जुन्या नोटांमध्ये ‘वेग फिक्स करा’ असा सल्ला सापडतो. गिगाबिटच्या तांब्याच्या केबलवर ऑटो बंधनकारक आहे, तो सल्ला सोडून द्या.

मग ‘आयपी -एस लिंक’. एरर आणि ड्रॉप यांचे आकडे दहा मिनिटांच्या अंतराने दोनदा पाहा. आकडा किती आहे यापेक्षा तो वाढतोय का, हे महत्त्वाचं. ‘सिस’ डिरेक्टरीत त्या इंटरफेसच्या नावाखाली ‘कॅरिअर_चेंजेस’ नावाची फाईल असते. लिंक किती वेळा पडली-उठली ते त्यात असतं. तो आकडा रोज वाढत असेल तर केबल बदला, मग स्विचचं पोर्ट बदला, एका वेळी एकच. दोन्ही एकदम बदललं तर दोष कशात होता ते कधीच कळणार नाही. कोकणात पावसाळ्यानंतर आरजे-४५च्या पिनांवर हिरवट थर चढलेला दिसतो. तो घासत बसू नका, टोक कापून नवं क्रिम्प करा.

एकाच पत्त्यावर दोन यंत्रं

‘एका टेबलावरून दिसतो, दुसऱ्यावरून नाही’ या लक्षणामागे माझ्या अनुभवात सर्वांत जास्त वेळा हेच निघतं. सर्व्हरला १९२.१६८.१.१० हा पत्ता हाताने दिलेला असतो. कोणीतरी नवा प्रिंटर, सीसीटीव्हीचा डीव्हीआर किंवा बोटाचा ठसा घेणारं हजेरीचं मशीन आणतं आणि बसवणारा माणूस मोकळा वाटला तो पत्ता देऊन जातो. किंवा राऊटरची डीएचसीपीची (आपोआप पत्ते वाटण्याची) रेंज सगळ्या नेटवर्कवर पसरलेली असते आणि सर्व्हर बंद असताना त्याचा पत्ता एखाद्या मोबाइलला मिळतो. वीज गेल्यानंतरचा त्रास इथूनच येतो: राऊटर आणि मोबाइल लवकर उठतात, सर्व्हर सावकाश.

प्रत्येक संगणक आपल्या एआरपी टेबलात शेवटी मिळालेलं उत्तर धरून ठेवतो. ज्याला सर्व्हरचं उत्तर मिळालं त्याचं काम चालतं, ज्याला प्रिंटरचं मिळालं त्याचं अडतं. नोंद जुनी झाली की पुन्हा विचारणा होते आणि पारडं फिरतं. म्हणून हा बिघाड आपोआप येतो नि आपोआप जातो.

तपास असा. सर्व्हरवर ‘आर्पिंग’ला मोठा डी आणि मोठा आय देऊन, इंटरफेसचं नाव आणि स्वतःचाच पत्ता घाला. दुसऱ्या कोणी उत्तर दिलं तर पत्ता दोघांकडे आहे. डेबियनच्या घराण्यात आर्पिंग नावाची दोन वेगळी पॅकेजेस आहेत आणि दोघांत मोठ्या डीचा अर्थ वेगळा आहे. आयपीयुटिल्सवालंच घ्या. दुसऱ्या संगणकावरून तपासायचं असेल तर ‘-बी’ हा पर्याय द्यायला विसरू नका. तो नसेल तर पहिलं उत्तर मिळताच आर्पिंग फक्त त्याच यंत्राला विचारत राहतं आणि दुसरं यंत्र लपून राहतं. एकाच पत्त्यासाठी दोन मॅक पत्ते (नेटवर्क कार्डांचे स्वतःचे पत्ते) दिसले की निदान पक्कं.

आगंतुक कोण, हे मॅक पत्त्याच्या पहिल्या तीन जोड्यांवरून कळतं, त्या निर्मात्याला नेमून दिलेल्या असतात. मात्र दुसरं अक्षर २, ६, ए किंवा ई असेल तर तो पत्ता यंत्राने स्वतःच बनवलेला आहे, बहुधा एखादा फोन किंवा व्हर्च्युअल मशीन. मॅनेज्ड स्विच असेल तर त्याच्या मॅक टेबलातून थेट पोर्टचा क्रमांक मिळतो. साधा स्विच असेल तर एकेक केबल काढून पाहावी लागते, म्हणून हे काम ऑफिस सुटल्यावर करा.

कायमचा उपाय: राऊटरमध्ये डीएचसीपीची रेंज १०० ते २०० अशी आवळा, हाताने दिलेले सगळे पत्ते १०० च्या खाली ठेवा आणि त्यांची यादी स्विचशेजारी भिंतीवर चिकटवा. पुढचा प्रिंटर बसवायला येणारा माणूस तुमच्या संगणकातली यादी उघडणार नाही, भिंतीवरची वाचेल.

‘आयपी नेबर’मध्ये ‘स्टेल’ शब्द दिसला म्हणून घाबरू नका, नोंद जुनी आहे एवढाच त्याचा अर्थ. ‘फेल्ड’ आणि ‘इनकम्प्लीट’ हे काळजीचे.

वाट चुकलेली आहे का

‘आयपी राऊट’मध्ये ‘डिफॉल्ट’ने सुरू होणारी ओळ एकच असावी. दोन असतील तर कमी मेट्रिकची (पसंतीक्रमाच्या आकड्याची) जिंकते आणि दुसऱ्या कार्डावर आलेल्या विनंतीचं उत्तर पहिल्यावरून निघून जातं. नेमकं कुठून जाईल ते ‘आयपी राऊट गेट’पुढे पत्ता देऊन विचारा, अंदाज करू नका.

एकाच विभागातल्या लोकांना सर्व्हर दिसत नसेल आणि सर्व्हरवर डॉकर (प्रोग्रॅम वेगळ्या कप्प्यांत चालवणारं सॉफ्टवेअर) असेल तर त्या विभागाचे पत्ते पाहा. डॉकर आपल्यासाठी १७२.१७.०.० ही रेंज घेतो आणि पुढची नेटवर्कं १७२.१८ पासून बनवत जातो. त्या विभागाचीही रेंज तीच असेल तर सर्व्हरचं उत्तर बाहेर पडतच नाही, डॉकरच्या आतल्या पुलावर जातं. डॉकरच्या डीमन फाईलमध्ये वेगळी रेंज द्या.

नावामुळे होणारा उशीर

पत्त्याने लगेच आणि नावाने उशिरा, असं असेल तर ‘रिझॉल्व्ह डॉट कॉन्फ’ उघडा. त्यातले पहिले तीनच नेमसर्व्हर (नावावरून पत्ता सांगणारे सर्व्हर) वापरले जातात आणि प्रत्येक वेळी सुरुवात पहिल्यापासून होते. पहिला मेलेला असेल तर ५ सेकंद वाट पाहून मग दुसऱ्याला विचारलं जातं. प्रत्येक नवीन चौकशीला ५ सेकंद, म्हणून लोक म्हणतात ‘सगळंच स्लो आहे’. ‘डिग’ला प्रत्येक नेमसर्व्हरचा पत्ता ‘अ‍ॅट’च्या चिन्हासह देऊन एकेकाला वेगळं विचारा, जो गप्प बसेल तो काढून टाका. फाईलमध्ये १२७.०.०.५३ एवढंच दिसलं तर खरे नेमसर्व्हर ‘रिझॉल्व्हसीटीएल स्टेटस’मध्ये सापडतील.

डिग ‘होस्ट्स’ फाईल वाचत नाही. प्रोग्रॅमला प्रत्यक्ष काय उत्तर मिळतं ते ‘गेटएंट होस्ट्स’ सांगते. दोघांची उत्तरं वेगळी आली तर होस्ट्स फाईलमध्ये कधीकाळी घातलेली जुनी ओळ शोधा.

सेवा ऐकतेय का

‘एसएस -टीएलएनपी’. पोर्टच्या आधी १२७.०.०.१ दिसलं तर सेवा फक्त त्याच यंत्रापुरती उघडी आहे, बाहेरून रिफ्यूज्डच येणार. ऐकणाऱ्या ओळीत ‘रिसीव्ह-क्यू’चा आकडा ‘सेंड-क्यू’ला टेकलेला असेल तर दारात रांग तुंबली आहे. म्हणजे प्रोग्रॅम थकलाय आणि नेटवर्कला बोल लावून उपयोग नाही.

याच टप्प्यावर डीमेसेजमध्ये ‘एनएफ कॉनट्रॅक, टेबल फुल, ड्रॉपिंग पॅकेट’ असा निरोप शोधा. फायरवॉलचं कनेक्शन मोजण्याचं टेबल भरलं की नवीन लोक अडतात आणि जुने चालू राहतात. ‘सिसकंट्रोल’ने मर्यादा वाढवता येते, पण एवढी कनेक्शन कोण उघडतंय ते आधी पाहा, नाहीतर वाढवलेलं टेबलही भरेल.

छोटं जातं, मोठं अडकतं

हा बिघाड माणसाला सर्वांत जास्त छळतो, कारण पिंग स्वच्छ असतो, एसएसएच लागतं आणि तरीही काम होत नाही. शाखा आणि मुख्य कार्यालय व्हीपीएनने (इंटरनेटवरून काढलेल्या खाजगी वाटेने) जोडलेलं असेल तिथे तो हमखास भेटतो.

ईथरनेटवर एका पॅकेटची मर्यादा १५०० बाइट. ब्रॉडबँड पीपीपीओई पद्धतीने लागत असेल तर त्यातले ८ बाइट जातात, उरतात १४९२. व्हीपीएन आणखी खातो, वायरगार्ड हा व्हीपीएन सहसा १४२० वर चालतो. वाटेतल्या राऊटरला पॅकेट मोठं वाटलं की त्याने आयसीएमपीने ‘लहान करून पाठव’ असं कळवायचं असतं. पण सुरक्षिततेच्या नावाखाली कोणीतरी सगळंच आयसीएमपी बंद करून ठेवतं. निरोप पोचत नाही, सर्व्हर तेच मोठं पॅकेट पुन्हा पुन्हा पाठवत बसतो आणि समोरच्याचा पडदा गोठतो.

तपासायला पिंगला मोठा एम आणि ‘डू’ देऊन तुकडे करायला मनाई करा आणि ‘-एस १४७२’ने आकार सांगा. १४७२ मध्ये आयपीचे २० आणि आयसीएमपीचे ८ मिळवले की १५०० होतात. मॅक आणि फ्रीबीएसडीवर तुकड्यांची मनाई मोठ्या डीने होते. हे गेलं नाही तर १४६४ पाहा, मग आणखी खाली. जो सर्वांत मोठा आकार जातो त्यात २८ मिळवा, ती त्या वाटेची मर्यादा. ‘ट्रेसपाथ’ हेच काम आपोआप करायचा प्रयत्न करते, पण आयसीएमपी बंद असेल तिथे तीही अडखळते. उपाय राऊटरवर करा: टीसीपीचा एमएसएस (एका पॅकेटमधल्या मजकुराचा कमाल आकार) वाटेच्या मर्यादेला बांधणारा नियम घाला आणि ‘लहान करून पाठव’ हा निरोप फायरवॉलमधून जाऊ द्या. एकेका संगणकाचा एमटीयू (पॅकेटच्या आकाराची मर्यादा) हाताने कमी करत फिरू नका, नवा संगणक आला की त्रास पुन्हा उभा राहतो.

ऑफिसच्या बाहेर

गेटवेपर्यंत सगळं स्वच्छ आणि पुढे गडबड असेल तर ‘एमटीआर’ (वाटेतल्या प्रत्येक टप्प्याची गळती दाखवणारी कमांड) दहा-पंधरा मिनिटं चालवा. मधल्याच एका टप्प्यावर ४० टक्के गळती आणि त्यापुढे शून्य, असं दिसलं तर तो दोष नाही. तो राऊटर स्वतःला आलेल्या चौकशीला कमी उत्तरं देतो, पॅकेट पुढे व्यवस्थित पाठवतो. गळती एका टप्प्यापासून सुरू होऊन शेवटपर्यंत टिकली तरच ती खरी.

वेळेचंही गणित करा. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो, म्हणजे १०० किलोमीटर जाऊन-येऊन सुमारे १ मिलिसेकंद. पुण्याहून मुंबईतल्या सर्व्हरला ६० मिलिसेकंद लागत असतील तर एकतर वाटेत रांग तुंबली आहे किंवा पॅकेट मुंबईला सरळ जात नाहीये. परतीची वाट वेगळी असू शकते, म्हणून शक्य असेल तर दोन्ही टोकांकडून एमटीआर घ्या.

एवढं करूनही कळलं नाही तर ‘टीसीपीडम्प’, येणारी-जाणारी पॅकेट दाखवणारी कमांड. दोन्ही यंत्रांवर एकाच वेळी, एकाच पत्त्यापुरतं आणि पोर्टपुरतं चालवा आणि एवढंच पाहा: पॅकेट आलं का, उत्तर निघालं का, ते पलीकडे पोचलं का. ‘-एस ९६’ दिलंत तर पॅकेटचे सुरुवातीचे ९६ बाइट तेवढे साठतात. हे जरूर करा. पॅथॉलॉजी लॅबच्या वाहतुकीत रुग्णांची नावं असतात, पतसंस्थेच्या वाहतुकीत खात्यांचे आकडे. ती फाईल मदतीसाठी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकू नका.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

वीज पडल्यानंतर स्विचची अनेक पोर्टं एकदम गेली असतील किंवा रॅकला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर काहीही तपासू नका. आधी इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्या.

भिंतीतली केबल किंवा फायबर असेल तर टेस्टर असलेल्या केबलवाल्याला बोलवा. फायबरच्या टोकात डोळा घालून पाहू नका, त्यातला प्रकाश दिसत नाही पण डोळ्याला इजा करू शकतो.

स्विचचे सगळे दिवे एका तालात झपाट्याने लुकलुकताहेत आणि पूर्ण ऑफिस गोठलं आहे, तर कोणीतरी केबलची दोन्ही टोकं त्याच नेटवर्कमध्ये खोचली आहेत. ती सापडली तर काढा. हे वारंवार होत असेल तर स्पॅनिंग ट्री (असे फेरे आपोआप तोडणारी सोय) येणारा स्विच नेटवर्क इंजिनीअरकडून लावून घ्या.

गेटवेच्या पत्त्यावर अनोळखी मॅक उत्तर देत असेल तर ही साधी पत्त्यांची टक्कर नसेलही. काही पुसू नका, रीबूट नको, फॉरमॅट तर नकोच. सुरक्षेचं काम जाणणाऱ्याला त्याच दिवशी गाठा. घुसखोरी निघाली तर सीईआरटी-इनच्या (केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या) एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे संस्थेला ६ तासांत कळवावं लागतं आणि तेव्हा लॉग हाताशी लागतात.

सर्व्हर दूर आहे, कन्सोल (त्याला जोडलेला कीबोर्ड-मॉनिटर) नाही आणि फक्त एसएसएचचा आधार आहे, अशा वेळी फायरवॉल किंवा आयपी बदलू नका. तिथे कोणीतरी पोचेपर्यंत थांबा. उबुंटूवर नाइलाज असेल तर ‘नेटप्लॅन ट्राय’ वापरा, तुम्ही १२० सेकंदांत होकार दिला नाही तर ती जुनी मांडणी परत आणते.

आणि दोष गेटवेच्या पलीकडे असेल तर तो तुमच्या हातातला नाही, इंटरनेट देणाऱ्या कंपनीकडे जा. तक्रारीत तुमचा सार्वजनिक आयपी, तुटण्याच्या नेमक्या भारतीय वेळा आणि दोन्ही बाजूंचे एमटीआर द्या. सर्व्हरचं घड्याळ यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) असेल तर वेळेत साडेपाच तास मिळवून लिहा, नाहीतर ते भलत्याच वेळेचे लॉग तपासून ‘आमच्याकडे सगळं ठीक होतं’ असं कळवतील.